मेंदूची डागडुजी : काय होतं, काय होत नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. नाटक उशिरा संपलं, त्यामुळे जेवणाची रांग चांगलीच लांबली होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "काकू, तुम्ही इतकी वर्षं हॉस्पिटलात काम केलंत म्हणून विचारतो. मेंदूच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत ना? मग आईकडून व्यायाम करून घेण्यात काय अर्थ आहे?"

त्यांच्या आई, ज्यांना घरात सगळे माई म्हणतात, त्या मे महिन्यात मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नातवंडांना पाढे शिकवणं, अंगणात मेथी लावणं असं सगळं आनंदात चाललं होतं. जुलैमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं जवळजवळ थांबलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी स्कॅनवरचा एक डाग दाखवून सांगितलं की एवढा भाग गेला. विम्याने मंजूर केलेले थेरपीचे दिवस संपले आणि चार महिन्यांनंतर माई घरातल्या खुर्चीत नुसत्या बसून असत.

मी हातात ताट घेऊन जमेल तेवढं उत्तर दिलं, पण ते अर्धवटच होतं. आता आपल्यापैकी अनेकांच्या घरी वयस्क आईवडील येऊन राहतात, आणि आपण स्वतःही काही तरुण राहिलेलो नाही. म्हणून ते उत्तर सविस्तर लिहावं असं वाटलं. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करून निवृत्त झाले. आजारानंतर माणसाला जेवण, कपडे, लिखाण अशी रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठी जी मदत करतात, ती ऑक्युपेशनल थेरपी. या विषयाशी आपलं नातं जुनं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. त्यांनी जे इथून तिकडे नेलं, ते शिकून माझ्यासारख्या कितीतरी जणी इकडे आल्या.

पेशी का परत येत नाही?

बोट कापलं तर आठवड्याभरात जखम भरते, कारण त्वचेच्या पेशी सतत विभागून नव्या पेशी तयार करत असतात. मेंदूतल्या चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, तशा विभागत नाहीत. आपल्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशीला एक शरीर असतं, झाडाच्या फांद्यांसारखे संदेश घेणारे फाटे असतात आणि संदेश पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. हा तंतू किती लांब असावा? पायाचं बोट हलवणाऱ्या पेशीचं शरीर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतं आणि तिचा तंतू तिथून थेट पावलापर्यंत जातो. म्हणजे जवळजवळ एक मीटर! एका पेशीच्या सूक्ष्म शरीराने एवढा लांब तंतू आयुष्यभर पोसायचा असतो.

शिवाय चेतापेशीचं महत्त्व तिच्या एकटीत नसतं, तिने जोडलेल्या नात्यांत असतं. एक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते आणि त्या जोडण्या बालपणापासूनच्या अनुभवाने घडलेल्या असतात. अशी पेशी मेली आणि तिच्या जागी नवी कोरी पेशी आणून ठेवली, तरी ती नाती आपोआप परत येणार नाहीत. गावातले जुने पोस्टमन निवृत्त झाले आणि नवा माणूस आला तर त्याला पत्ते माहीत नसतात, तसंच हे.

चेतापेशींचं हे रूप जगाला नीट दाखवलं ते स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली शोधलेली पेशी रंगवण्याची पद्धत वापरून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून चित्रं काढली. १९०६ सालचं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळून देण्यात आलं. काहाल यांनीच पुढे मेंदूच्या इजेवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरून गेलेल्या असतात. तिथे सगळं मरू शकतं, पण पुन्हा उगवू काहीच शकत नाही. त्याला जोडूनच त्यांनी हेही म्हटलं होतं की हा कठोर निकाल बदलता आला तर तो भविष्यातल्या विज्ञानाने बदलावा. पुढची पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं विसरून गेली. माझ्या शिक्षणाच्या काळातही आम्हाला पहिलंच शिकवलं होतं.

हाताची नस आणि पाठीचा कणा

खरं म्हणजे 'नस पुन्हा वाढत नाही' हे सरसकट विधान काहाल यांच्या काळातही चूक होतं. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेर, म्हणजे हातापायांत ज्या नसा असतात, त्या वाढतात. काच लागून मनगटाची नस कापली गेली, तर कापलेल्या जागेपुढचा तंतू मरतो. ही गोष्ट ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकावरच्या प्रयोगांत दाखवली. पण पेशीचं शरीर मज्जारज्जूजवळ सुरक्षित असतं. नसेभोवतीच्या श्वान पेशी मेलेल्या तंतूचा कचरा साफ करायला हातभार लावतात, रांगेत उभ्या राहून वाट आखून ठेवतात आणि वाढीला पोषक द्रव्यंही सोडतात. मग उरलेल्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि त्या वाटेने पुढे सरकतो.

वेग किती? दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे इथल्या मापात महिन्याला एक इंच. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सात इंच धरले, तर स्पर्श परत यायला सातएक महिने लागणार हे साध्या गणितानं कळतं. आम्ही नसेच्या मार्गावर बोटाने हलकेच टकटक करून पाहत असू. जिथे मुंग्या येतात तिथपर्यंत कोंब पोचला असं समजायचं. ही खूण १९१५ साली, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना, फ्रान्सच्या ज्यूल तिनेल यांनी नोंदवली. मात्र स्नायू कायम वाट पाहत बसत नाही. साधारण दीड वर्षापर्यंत नस पोचली नाही, तर तो स्नायू कायमचा वाळतो. म्हणून कापलेली नस वेळेवर शिवून घेणं महत्त्वाचं.

मग मज्जारज्जूतले तंतू का वाढत नाहीत? त्यांच्यात वाढायची ताकदच नाही, की कोणी अडवतं? १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट आग्वायो यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी उंदराच्या पायाच्या नसेचा एक तुकडा घेतला आणि त्याचं एक टोक मेंदूच्या बुंध्याशी, दुसरं मज्जारज्जूत असा पूल बांधला. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशींबद्दल त्या वाढत नाहीत असं म्हटलं जाई, त्यांचे तंतू या पुलात शिरून तीन सेंटिमीटरपर्यंत वाढले! पूल संपून पुन्हा मज्जारज्जू लागला, की तिथे मात्र थांबले.

म्हणजे बियाणं वांझ नव्हतं, जमीन आड येत होती. पुढे मार्टिन श्वाब यांनी झुरिकमध्ये दाखवून दिलं की मेंदूतल्या तंतूंवरचं जे मायेलिनचं आवरण असतं, त्यातच वाढ रोखणारी प्रथिनं असतात. त्यांपैकी एकाला 'नोगो' असं समर्पक नाव मिळालं. शिवाय जखमेच्या जागी आधारपेशींचा एक व्रण तयार होतो. तो जखम पसरू देत नाही, पण तंतूंनाही वाट देत नाही. हे अडथळे दूर करणाऱ्या औषधांच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत, पण रोजच्या उपचारात वापरावं असं औषध त्यातून अजून हाती आलेलं नाही.

नव्या पेशी आणि जुन्या आशा

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी कधीच जन्मत नाहीत का? १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांच्या मेंदूत त्या जन्मतात असं दाखवलं, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९८० च्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांना कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत, गाण्याशी संबंधित भागात नव्या पेशी आढळल्या. १९९८ साली पीटर एरिकसन, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या स्मरणाशी निगडित भागात, नव्या पेशींच्या खुणा दाखवल्या आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. हा वाद अजून मिटलेला नाही. २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एकाने म्हटलं की प्रौढ माणसात अशा पेशी जवळजवळ आढळतच नाहीत, दुसऱ्याने म्हटलं की म्हातारपणीही आढळतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की दोघांपैकी कोणीही बरोबर असलं, तरी पक्षाघाताने पडलेलं खिंडार या पेशी भरून काढत नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा कुटुंबांच्या कानावर लवकरच 'अमुक ठिकाणी स्टेम सेल टोचतात' अशी बातमी येते. काही जण भारतातली जमीन विकून तिकडे जातात. पक्षाघातासाठी स्टेम सेलचा एकही उपचार अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलेला नाही. नोंदणी झालेल्या चाचणीत भाग घेणं वेगळं, तिथे रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत. जिथे आधी चेक मागतात, तिथून परत फिरावं.

मग सुधारणा होते ती कशी?

पेशी परत येत नाही, तंतू वाढत नाहीत, तरी पक्षाघातानंतर बहुतेक माणसं काही ना काही सुधारतात. हे मी तीस वर्षं रोज डोळ्यांनी पाहिलं. यामागे मुख्यतः दोन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट आपोआप होते. मेलेल्या भागाभोवती सूज असते, काही पेशी अर्धमेल्या असतात. दूरच्या काही भागांचं कामही, नेहमीचा संदेश येईनासा झाल्यामुळे, तात्पुरतं मंदावतं. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरते आणि हे भाग जागे होतात. या काळात जी झपाट्याने सुधारणा होते, तिचं बरंचसं श्रेय निसर्गाचं असतं. घरचे मात्र ते कोणत्या तरी तेलाला देतात!

दुसरी गोष्ट कष्टाने होते. मेंदूचा जो पृष्ठभाग हालचाली घडवतो, त्यावर शरीराचा जणू नकाशा असतो. हाताला इतकी जागा, ओठांना इतकी, पायाला इतकी. पूर्वी समजत की या नकाशाच्या सीमा लहानपणी ठरतात आणि मग बदलत नाहीत. १९८० च्या दशकात मायकल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की हाताची एक नस तोडली तर तिच्या वाट्याची मेंदूतली जागा ओस पडत नाही, शेजारचे भाग ती वापरू लागतात. जो भाग जास्त वापराल त्याची जागा वाढते, न वापराल त्याची आक्रसते. सांधा घासून वापरला की झिजतो, मेंदू वापरला की त्याची जागा वाढते, असा हा उलटा न्याय आहे.

आता माईंच्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयोग सांगते. १९९६ साली रँडॉल्फ नूडो यांनी स्क्विरल जातीच्या माकडांच्या मेंदूत, हाताच्या नकाशात, एक छोटासा पक्षाघात घडवून आणला. ज्या माकडांना नुसतं सोडून दिलं, त्यांच्या मेंदूत भलतंच घडलं. मेलेल्या भागाशेजारचा जो निरोगी भाग हातासाठी काम करत होता, तोही हात सोडून देऊ लागला. म्हणजे नुकसान झाल्यावर पुढचं नुकसान न वापरण्याने झालं. दुसऱ्या गटाकडून मात्र त्या दुबळ्या हाताने छोट्या खळग्यांतून खाऊ काढण्याचा सराव रोज करून घेतला. त्यांचा उरलेला हाताचा नकाशा टिकला, काहींमध्ये तो शेजारच्या भागात पसरला.

हेच माझं त्या गृहस्थांना उत्तर. व्यायाम मेलेल्या पेशींसाठी नसतोच. तो जिवंत पेशींसाठी असतो. घाट बंद पडला तर वाहतूक आडवाटेने जाऊ लागते. आधी ती वाट अरुंद, खडबडीत, वेळखाऊ असते. गाड्या जात राहिल्या तर ती रुंद होते, कोणीच गेलं नाही तर तिच्यावर गवत उगवतं. अर्थात आडवाट मुळात असावी लागते. मेंदूपासून मज्जारज्जूकडे जाणारी हालचालीची वाट पूर्णपणे तुटली असेल, तर बोटांची बारीक हालचाल सरावानेही परत येत नाही. अशा वेळी एका हाताने कामं करण्याच्या युक्त्या शिकवणं हीच खरी मदत. हे प्रामाणिकपणे सांगणं थेरपिस्टचं कर्तव्य आहे.

आपली सेवा कुठे चुकते?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी माईंना भेटायला गेले. सून मोठ्या प्रेमाने त्यांना वरणभात भरवत होती. मुलगा केस विंचरून देत होता. उजवा हात शालीत गुंडाळून मांडीवर ठेवला होता. घर स्वच्छ, माणसं प्रेमळ. आणि त्या हाताला दिवसभरात एकही काम नाही!

आपल्याकडे आजारी वडीलधाऱ्यांना काडी उचलू न देणं म्हणजे सेवा. त्यात प्रेम आहे यात शंका नाही, पण मेंदूला ते मानवत नाही. एडवर्ड टॉब यांनी याला 'शिकलेला नवापर' म्हणावं अशी कल्पना मांडली. झटक्यानंतर पहिल्या दिवसांत माणूस हात हलवायचा प्रयत्न करतो, तो हलत नाही. प्रत्येक अपयशातून मेंदू शिकतो की हा हात निकामी आहे. पुढे मेंदूची ताकद काही अंशी परत आली, तरी माणूस प्रयत्नच करत नाही, कारण सवय लागून गेलेली असते. टॉब यांचा उपाय साधा आणि कठोर होता. चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडूनच काम करून घ्यायचं. २००६ साली या पद्धतीच्या मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष आले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा आणि रोज अनेक तास सराव. नेहमीचेच उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा या गटाचा हात स्पष्टपणे सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. अट एवढीच होती की मनगट आणि बोटं सुरुवातीला थोडी तरी उघडता यायला हवीत.

माईंची बोटं थोडी उघडत होती. कोणी उघडून पाहिलीच नव्हती.

सराव किती हवा, याचाही हिशेब डोळे उघडणारा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिका आणि कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांत बसून मोजणी केली गेली. एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचालींची सरासरी भरली फक्त ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र नकाशा बदलायला दिवसाला काहीशे आवृत्त्या लागतात. ही तफावत विम्याच्या मंजूर तासांत भरून निघणार नाही, ती घरातच भरून काढावी लागते. आणि आपल्या स्वयंपाकघरासारखी व्यायामशाळा नाही! मटार सोलणं, कणीक तिंबणं, वाती वळणं, तांदूळ निवडणं, पुऱ्या लाटणं, जपमाळेचे मणी ओढणं. एका वाडग्यातले राजमे दुसऱ्यात टाकायचे म्हटले तरी शंभर आवृत्त्या सहज होतात. काम ओळखीचं आणि गरजेचं असलं की माणूस कंटाळत नाही. थोडं कठीण असावं, पण अगदीच अशक्य नसावं. जमलं की पुढची पायरी.

दोन इशारे मात्र द्यायला हवेत. एक, घाई नको. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांत रुग्णाला वारंवार उठवून चालवलं तर काय होतं, याची दोन हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली आणि त्यात निकाल उलट, थोडे वाईटच आले. सुरुवात कधी आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावं. दुसरं, लुळ्या हाताला धरून ओढू नये. खांदा निखळतो आणि त्या दुखण्याने पुढचा सगळा सराव बंद पडतो.

कोणत्या भाषेत बरं व्हायचं?

माईंच्या बोलण्याचा प्रश्न आणखी नाजूक होता. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी दाखवलं की मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा झाली तर समजतं पण बोलता येत नाही. शरीराची उजवी बाजूही मेंदूची डावी बाजूच चालवते, म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा एकदम जातात.

दोन भाषा येणाऱ्या माणसाचं काय होतं? एकोणिसाव्या शतकात थिओड्यूल रीबो यांचं मत होतं की आधी शिकलेली भाषा जास्त टिकते, तर आल्बेर पीत्र यांनी १८९५ साली म्हटलं की आजारापूर्वी जिची जास्त सवय होती ती आधी परत येते. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात, पण काहींची एक पुढे आणि दुसरी मागे राहते. म्हणून दोन्ही भाषांत तपासणी व्हायला हवी. माईंना इंग्रजी मुळातच जेमतेम येत होतं. त्यांना इंग्रजीत वस्तूंची नावं विचारली गेली आणि 'गंभीर दोष' अशी नोंद झाली. मिरजेच्या सत्तरी उलटलेल्या बाईला 'हार्मोनिका' म्हणता आलं नाही, यात पक्षाघाताचा दोष किती?

लक्षात ठेवावं असं हे : सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकेतल्या हॉस्पिटलांवर रुग्णाला त्याच्या भाषेचा दुभाषी विनामूल्य देण्याचं बंधन आहे. याचं मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. निदान फोनवर तरी मराठी दुभाषी मिळतो. आपण मागितला पाहिजे. मुलाने किंवा नातीने भाषांतर करू नये, कारण प्रेमापोटी ते आईचं अडखळलेलं वाक्य पूर्ण करून टाकतात आणि थेरपिस्टला खरी अडचण कळतच नाही.

आणखी एक चमत्कार वाटणारी गोष्ट. 'पाणी' म्हणता न येणाऱ्या माई, नातवाने 'बे एके बे' सुरू केल्यावर थेट 'बे दाहे वीस'पर्यंत गेल्या! घरातल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाढे, आरत्या, स्तोत्रं, वारांची नावं ही पाठांतराची भाषा. ती बोलण्याच्या नेहमीच्या वाटेवर पूर्णपणे अवलंबून नसते, म्हणून अनेकदा शाबूत राहते. ते संभाषण नव्हे, पण धरायला एक टोक मिळतं. १९७३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी सुरावर शब्द म्हणवून घेण्याची एक उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी केली. आम्ही 'चहा हवा' हे दोन शब्द चालीवर म्हणायला लागलो. तीन आठवड्यांनी माईंनी ते चालीशिवाय म्हटले. तेव्हा त्यांना खरोखरच चहा हवा होता.

पहिले तास

डागडुजीबद्दल एवढं लिहिलं, पण खरी गोष्ट अशी की सर्वांत मोठा फायदा डागडुजीत नाही, घर कोसळू न देण्यात आहे. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. २०१५ पासून मोठ्या वाहिनीतली गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचारही सिद्ध झाला आहे आणि २०१८ पासून काही निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो.

माईंच्या बाबतीत काय झालं? तो आषाढी एकादशीचा दिवस होता. सकाळी आठला हातातला कप पडला, जीभ अडखळली. सगळ्यांना वाटलं, उपासाची चक्कर. लिंबाचं सरबत दिलं आणि झोपवलं. दुपारी बाराला हात लुळा दिसला. मग मंडळातल्या ओळखीच्या दोन डॉक्टरांना फोन झाले. एक शस्त्रक्रियेत होते, दुसरे गावाला. शिवाय मनात धाकधूक, की पाहुण्यांचा विमा एवढा खर्च देईल का? हॉस्पिटलात पोचायला एक वाजला. साडेचार तासांची वेळ अर्ध्या तासाने टळली होती. हे सांगताना त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे, दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून.

तेव्हा वाचकहो, ओळखीच्या डॉक्टरांना नव्हे, ९११ ला फोन करा. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतं, किंवा एकाएकी तोल वा नजर जाते, यांतलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. तोंडात पाणी, सरबत, औषध काहीही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून ॲस्पिरिनही नको. पैशांचं म्हणाल, तर १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलांच्या तातडीच्या विभागाला पैशांचा प्रश्न न आणता रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. बिल नंतर येतं आणि ते मोठं असतं, पण बिलाबद्दल बोलणी करता येतात, मेलेल्या पेशींबद्दल नाही.

माई झटक्यानंतर आठ महिन्यांनी, मार्चमध्ये, मिरजेला परत गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे खरं नाही. त्यांचा सराव चौथ्या महिन्यात सुरू झाला होता. उजव्या हाताने त्या आता कप धरतात, वाती वळतात, पदर खोचतात. लिहिता येत नाही आणि बहुधा येणारही नाही. शब्द कमी आहेत, पण स्वतःचे आहेत. गेल्या संक्रांतीला फोन आला, तेव्हा 'तिळगूळ' हा शब्द तीन प्रयत्नांत निघाला. पुढचं वाक्य मी पूर्ण करणार होते, पण थांबले आणि वाट पाहिली. ते त्यांनीच पूर्ण केलं.

हा लेख वाचून काहाल, नूडो ही नावं विसरलात तरी चालेल. वरची चार लक्षणं आणि ९११ हा आकडा मात्र मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. घरी आईवडील राहायला येणार असतील, तर ते यायच्या आधीच लावा.